घाटावर गलोलवाले दाजी

नेऱ्याच्या दाजींना जन्मभर एकच छंद. गलोलीने कावळे उडवायचे. अंगणात सुकत घातलेले बोंबील हे नुसतं निमित्त. बोंबील डब्यात गेले तरी दाजी ओट्यावर एक डोळा मिटून बसलेलेच.

दाजी गेले. जमीन विकून खांदा कॉलनीत राहायला गेलेल्या त्यांच्या मुलाने, निकेशने, बापाचं झोकात स्मारक करायचं ठरवलं. पेणच्या मूर्तिकाराच्या मागे लागून फायबरचा पुतळा आणला. मिटलेला डोळा, ताणलेलं रबर, सगळं हुबेहूब. नदीच्या घाटावर चौथरा बांधला आणि पाहुणे आयतेच जमतायत म्हणून दहाव्यालाच अनावरण उरकलं.

फीत कापली, टाळ्या झाल्या, पिंड मांडला, सगळे मागे सरकले.

कावळे आले. पिंपळावर टेकले. पुतळा बघितला आणि सुसाट नदीपार गेले.

"बापरे, म्हणजे खरंच हुबेहूब झालाय," गर्दीत कुणीतरी म्हणालं.

दाजींच्या बायकोचं, हौसाबाईचं तोंड उतरलं. कावळा शिवला नाही म्हणजे नवरा अडकला. वर गावभर बोंब, की म्हातारीनेच त्यांची कसली तरी इच्छा मारली.

निकेशने हात जोडले. "बाबा, तुमच्या नातीचं, अंकिताचं लग्न थाटात करीन!"

सामसूम.

"बाबा, दारू सोडतो!"

निकेशच्या बायकोने चटकन मान वर केली. कावळ्यांनी नाही.

ऊन चढलं. पाहुण्यांची पोटं बोलायला लागली. भटजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू. शास्त्रात चालतं."

"गवताचा कावला?" हौसाबाई उसळली. "जल्मभर खऱ्यांशी वैर केलं त्यांनी. त्यांना गवत देता? नाय चालणार!"

"मग पुतळ्यावर चादर टाकू," निकेश म्हणाला.

"आत्ता उघडलास नं आत्ता झाकतोस? पावन्यांची तरी लाज हाय का नाय?"

तिने पिंडाची पत्रावळ उचलली, चौथऱ्यावर चढली आणि सरळ दाजींच्या डोक्यावर ठेवली.

"आये! काय करतेस?"

"गप. तुज्या बापाला सोताच्या टालूवर नेम धरता येतो का?"

थोड्या वेळाने पुतळ्याच्या पाठीमागून एक कावळा बिचकत आला. दाजींच्या कानावर पाय रोवला, भातात चोच मारली. मग दुसरा. मग अख्खं खानदान.

लोकांनी हात जोडले. हौसाबाईने पदर तोंडाला लावला, खांदे गदगदायला लागले. निकेश धीर द्यायला जवळ गेला. बघतो तर म्हातारी हसत होती.

"खा रे, पोटभर खा," ती कावळ्यांना म्हणाली. "आता काय नाय करत हे."