सुनेच्याच हातात बंद पडणारी पिकअप

सासऱ्यांचं आयुष्य गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेलं. नुसत्या हॉर्नच्या आवाजावरून बॅटरी किती उतरलीय ते छातीठोक सांगायचे, आणि निम्म्या वेळा ते बरोबरही निघायचं. पण महिन्याभरापासून घरच्याच पिकअपने त्यांचं नाक कापलं होतं.

ती पिकअप सून चालवायची. लॉजच्या चादरी-टॉवेल आणायचे, मागच्या खोलीतल्या मशीनवर धुवायचे, घड्या घालून पोचवायचे, हा तिचा धंदा. तो तिने एकटीने उभा केला होता. आणि आता गाडी चालता चालता एकदम बंद पडायची. दिवे, हॉर्न, काटे, सगळं गप्प. मग सासरे स्कूटरवरून यायचे, तिला उतरवायचे, सीटवर बसून किल्ली फिरवायचे, आणि गाडी गुमान सुरू! फ्यूज तपासून झाले, किल्लीचा स्विच बदलून झाला. शेवटी ते बोलून गेले, "नाचता येईना अंगण वाकडं." ते तिला फार लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गाडीला गिऱ्हाईक बघितलं. म्हणे, भररस्त्यात पोरीचं काही बरंवाईट व्हायला नको. काळजी खरीच होती, पण गाडी गेली की धंदाही जाणार, हे दोघांनाही कळत होतं.

गिऱ्हाईक यायचं त्या दिवशी सकाळी सून म्हणाली, "बाबा, आज बरोबर चला. मी काय चुकते ते एकदा डोळ्यांनी बघा."

सासरे शेजारी बसले. त्यांची नजर तिच्या हातांवरून हलेना. लॉजच्या फाटकापाशी गतिरोधकावर गाडी जराशी उडाली आणि जागच्या जागी मेली.

"कशाला हात लावलास?"

"कशालाच नाही. तुम्ही बघतच होतात ना?"

बघत होते खरे. तिचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. सासरे उतरले, तिच्या जागी बसले आणि सवयीने आधी सीट मागे सरकवली. ताडमाड माणूस, गुडघे मावायला नकोत? किल्ली फिरवली, दिवे लागले.

"बघ, माझ्या हातात तर..." एवढं म्हणून ते थांबले. किल्ली तशीच ठेवून त्यांनी झटक्याने सीट पुढे ओढली, सून बसते तिथवर. गुडघे हनुवटीला टेकले आणि दिवे गेले. सीट मागे, दिवे आले. पुढे, गेले. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. सुनेला हसू आवरेना.

"बाबा, पुरे. अडकून बसाल."

त्यांनी सीट उचलली. बॅटरी तिथेच, सीटखाली. बॅटरीकडून फ्यूजच्या डब्याकडे जाणारी मुख्य वायर सीटच्या सळईला सुबक बांधलेली होती. सीट पुढे आली की ती ताणायची आणि डब्यातलं तिचं टोक सैल व्हायचं; एका धक्क्यात सुटायचं. सीट मागे गेली की वायर ढिली पडून ते परत जागेवर टेकायचं. महिन्यापूर्वी नवी बॅटरी बसवताना ती वायर त्यांनीच घातली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

खापर दुसऱ्यावर फोडण्यात सासऱ्यांचा हातखंडा होता. वायर विकणारा दुकानदार होता, गाडी बनवणारे होते, गतिरोधक तर समोरच होता. पण ते सुनेकडे बघून हळूच म्हणाले, "माझी सीट जिथे असते, तिथवरच मोजून कापली गं मी. तुझे पाय कुठवर पोचतात ते माझ्या डोक्यातच आलं नाही."

तिचा राग तिथेच विरघळला. या माणसावर तिचा जीव होता, आणि त्याला चूक कबूल करताना ती पहिल्यांदाच बघत होती.

दुपारी अंगणात ते लांब वायर टाकून उठतात न उठतात तोच गिऱ्हाईक आलं. टायरला लाथ मारून झाली, टपावर थाप मारून झाली.

"काका, किती म्हणताय?"

"मला कशाला विचारता?" सासरे हात पुसत म्हणाले. "गाडीची मालकीण ती बघा, सीटवर बसलीय."

सुनेने सासऱ्यांकडे पाहिलं. तेवढ्यात ते पलीकडून दार उघडून तिच्या शेजारी बसलेसुद्धा.

"विकायची नाही," ती म्हणाली. तिने सीट हवी तेवढी पुढे ओढली आणि राहिलेल्या चादरी पोचवायला निघाली.