ताडपत्रीखालचे लोखंड

मी एक जुने होकायंत्र आहे, मित्रांनो, आणि मला लोखंडाची भीती वाटते. लोखंड जवळ आले की माझी सुई भलतीकडे वळते, आणि मला तोंड नसल्यामुळे मी खोटे सांगते आहे हेही सांगता येत नाही.

कारखान्यातून मी थेट टीव्हीच्या डिश बसवणाऱ्या एका माणसाच्या खिशात आले. बाकीचे कारागीर डिश हाताने फिरवत राहायचे आणि खालून कोणीतरी "आलं, गेलं" ओरडत बसायचे. आमचा माणूस आधी कागद काढायचा. गावाचे अक्षांश-रेखांश, उपग्रहाचे रेखांश, मग गणित. त्यातून दोन आकडे निघायचे: डिश कोणत्या दिशेला वळवायची आणि वर किती उचलायची. नकाशातली उत्तर आणि माझी उत्तर यांत थोडासा फरक पडतो, तोही तो विसरायचा नाही. म्हणून सगळे त्याला कोनमास्तर म्हणत. मला हातात घ्यायच्या आधी तो लोखंडापासून चार पावले दूर जायचा. माझे फार लाड होते, खोटे कशाला सांगू.

एकदा आम्ही तीन मजली घराच्या गच्चीवर गेलो. गणित चोख होते: दिशा एकशे अठ्ठेचाळीस, उंची चौसष्ट अंश. मला ठेवायला त्याने सपाट जागा शोधली. पाण्याच्या टाकीवर ताडपत्री पसरलेली होती, तिच्यावर ठेवले. टाकी सिमेंटची दिसत होती. ताडपत्रीखाली मात्र लोखंडी झाकण होते.

माझी सुई तीस अंश सरकली. त्या हिशेबाने समोरची उंच इमारत आडवी येत होती. डिश कठड्याबाहेरच्या कोपऱ्यात टांगली तरच आकाश मोकळे मिळणार होते. त्याने कमरेला बांधायचा सुरक्षा पट्टा आणलेला नव्हता. "म्हणजे दक्षिण इकडे," असे पुटपुटत तो कठड्यावर चढला आणि एक पाय बाहेर टाकला. माझा जीव टांगणीला लागला.

घरची बाई कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, "भाऊ, दक्षिण तिकडे कशी असेल? भर दुपारी या खांबाची सावली रोज त्या पन्हळीवर पडते. म्हणजे उत्तर तिकडे, पन्हळीकडे."

"वहिनी, हे यंत्र वीस वर्षांत एकदाही चुकलेलं नाही."

एवढे कौतुक ऐकून कोणी इतके घाबरले नसेल. तेवढ्यात त्याचा पाय शेवाळावरून घसरला. त्याने कठडा धरला म्हणून वाचला. पाना मात्र हातातून सुटला आणि खाली आपटल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला असे मला वाटले.

"बघू तुमचं ते खरं बोलणारं यंत्र," म्हणत बाईंनी मला उचलले आणि दोरीच्या खांबाकडे नेले. तो खांब लाकडी होता. माझी सुई गर्रकन वळली आणि पन्हळीकडे तोंड करून थांबली.

"भाऊ, हे फिरलं की."

कोनमास्तर कठड्यावरून खाली उतरला. त्याने ताडपत्री उचलून पाहिली आणि झाकणाशेजारीच मटकन बसला. मग गच्चीच्या मधोमध, मोकळ्या मैदानाकडे तोंड करून डिश बसली. घरी तो एवढेच म्हणाला, "पाना हरवला." लाज वाटली असावी. कोनमास्तर आणि कोन चुकला, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

आता त्याचे गुडघे दुखतात. शिड्या त्याची मुलगी चढते. तिच्या फोनमध्येच होकायंत्र आहे, त्यामुळे मी ड्रॉवरमध्ये धूळ खात पडले आहे.

परवा जेवताना ती सहज म्हणाली, "बाबा, आज फोनवरची दिशा जुळेना. शेवटी कठड्यावर चढून डिश बाहेर लावायला निघाले होते. पाऊस आला म्हणून राहिलं. उद्या लावते."

कोनमास्तरच्या हातातला घास ताटात पडला. "फोन कशावर ठेवला होतास?"

"तिथल्या पत्र्यावर. का?"

तो उठला. त्याने मला ड्रॉवरमधून बाहेर काढले आणि तिच्यापुढे ठेवले. "तो पाना हरवला नव्हता गं," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच सगळे सांगितले. ती जेवायची थांबली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, पण आपल्या चुका जपून ठेवू नका. घरच्यांना वेळेवर सांगून टाका. तो पाऊस आला नसता तर सांगायला उशीर झाला असता.