मैद्याच्या डब्यातला बिनकानाचा कप

मी एक जुना, कान तुटलेला चहाचा कप आहे. हसलात ना? मित्रांनो, नाही म्हणू नका, मी पाहिलं. कान नसला तरी मला सगळं ऐकू येतं, आणि डोळे तर माझे फारच तीक्ष्ण आहेत. माझी गोष्ट सांगतो, पण आधी हात पुसून घ्या आणि मला ओट्याच्या कडेला ठेवू नका. एकदा कुणीतरी ठेवलं होतं. त्याचं काय झालं ते तुमच्यासमोरच आहे.

माझा जन्म कपबश्यांच्या कारखान्यात झाला. भट्टीत चांगला भाजून निघाल्यावर एका कामगार बाईने मला नखाने टिचकी मारली आणि आवाज ऐकला. ही आपल्याला नापास करणार, असं मला तेव्हाच वाटलं. पण तिने मान डोलावली आणि माझ्या पोटावर एक निळी रेघ ओढली. ती रेघ एका जागी वाकडी आहे. चुकून वाकडी झाली की तिने मुद्दाम केली, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. त्या काळी चहाचे कप लहानखुरे असत. हल्लीच्या घागरीएवढ्या मगांसारखे आम्ही नव्हतो. आम्हा सहा भावांना एका खोक्यात भरून दुकानात पाठवलं आणि तिथून आईने आम्हाला घरी आणलं. ती माझी आई नव्हे हं, त्या घरातल्या दोन मुलांची आई. पण सगळे तिला आई म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो.

मुलगा थोरला, त्याला घरात दादा म्हणत. मुलगी धाकटी, तिचं लाडाचं नाव ठकू. एका दुपारी मी धुतलेला, ओट्याच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. मागून धावल्याचा आवाज आला, कुणाचा तरी धक्का बसला आणि मी खाली. शुद्धीवर आलो तेव्हा माझा कान फरशीवर वेगळा पडला होता. आई धावत आली. "कुणी पाडला?"

"मी नाही," दादा म्हणाला.

"मी नाही," ठकू म्हणाली आणि भोकाड पसरून रडायला लागली.

दादाच्या हातात चेंडू होता. झालं, दादाच्या पाठीत धपाटा बसला. तो मुकाट्याने उभा राहिला. माझाही संशय त्याच्यावरच होता, आणि एकदा माझा संशय बसला की तो सहजासहजी उठत नाही. त्या दिवसापासून दादा स्वयंपाकघरात आला की मी अंग चोरून बसायचो.

संध्याकाळी ठकूने हळूच विचारलं, "आई, तो कप टाकला?"

"टाकला. कान तुटका कप पाहुण्यांपुढे कसा ठेवायचा?" आई म्हणाली.

धडधडीत खोटं! ती माझ्याकडे पाठ करून उभी होती आणि मी तिच्या मागे वाळत पडलो होतो. आता ही मला खरंच टाकणार, असं धरून मी बसलो. पण आईच्याने काही टाकवत नसे. मुलं झोपल्यावर तिने मला पुसलं आणि मैद्याच्या डब्यात, पार आत ठेवलं. झाकण लागलं. मला वाटलं, जिवंत पुरलं की काय!

मित्रांनो, तिथेच माझी खरी नोकरी सुरू झाली. घरात कुणाचाही वाढदिवस असला की आई केक करायची. त्यात मैदा मोजायचा माझ्याने. साखर मोजायची माझ्याने. लोणी माझ्यातच दाबून बसवायचं, दूधही माझ्यातच ओतायचं. दोन कप मैदा, दीड कप साखर, एक कप लोणी, अर्धा कप दूध, तीन अंडी आणि चमचाभर बेकिंग पावडर. मैदा भरला की माझ्या तोंडावरून बोट आडवं फिरवून ती जास्तीचा पाडायची. एरवी त्याच मैद्याची खुसखुशीत बिस्किटं व्हायची. वासाने शेजारी दारात यायचे. पण कौतुक कुणाचं? केक फुगला की ओव्हनचं, आणि बसला की मैद्यात खोट! माझं नाव कुणी कधी काढलं नाही. त्या ओव्हनवर माझी नजर होती. आतला दिवा लावून हा नुसता मिरवतो, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

ठकू वासाने धावत यायची, पण आई तिला आत टिकू द्यायची नाही. "जा, अभ्यासाला बस. हे काय, कधीही शिकता येतं. चुलीपाशी उभं राहायला जन्म पडलाय." ठकू तोंड फुगवून जायची. ती शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. केक मात्र शिकायचा राहिलाच.

मग दादाचं लग्न झालं आणि वहिनी घरात आली. तिने पहिल्याच दिवशी मला डब्यातून काढून उलटासुलटा करून पाहिलं. बरोबर आहे, म्हटलं, नवी सून आली, जुनी भांडी निघणार! पण ती आईशेजारी उभी राहिली आणि आई जसं करेल तसं करत गेली. आईने डब्यात हात घालून मला काढलं, तर तिनेही काढलं. आईने बोट फिरवलं, तर तिनेही फिरवलं. माझ्याबद्दल आई तिला अवाक्षर बोलली नाही. रोज हाताला लागणाऱ्या वस्तूबद्दल कोण बोलतं?

मागच्या वर्षी आई गेली. घरात बरेच दिवस काहीच भाजलं गेलं नाही. मी डब्यात पडून राहिलो. तेव्हा कुणावरही संशय घ्यायचं माझ्या मनात आलं नाही.

त्यानंतर एके दिवशी ठकूचा फोन आला. तिची छोटी मुलगी येत्या वाढदिवसासाठी हट्ट धरून बसली होती, "मला आजीचा केकच पाहिजे, दुकानातला नको." ठकूने तिला कबूल केलं होतं. वहिनीने फोन ओट्यावर ठेवून सगळं नीट सांगितलं. ठकूने केला. केक कसला, वीट झाली! पुन्हा फोन, पुन्हा तीच कृती, पुन्हा वीट.

"वहिनी, काही सांगायचं राहिलंय का गं?"

"नाही हो, ठकूताई. मी करते तेच सांगितलं."

"बघ हं आठवून."

त्या "बघ हं"मध्ये काय होतं ते मला बरोबर कळलं, कारण माझ्याही मनात तीच पाल चुकचुकत होती. वहिनी काहीतरी गाळते आहे! पुढच्या खेपेला मी डब्यातून जिवाचा कान करून ऐकलं. मैदा, साखर, लोणी, दूध, अंडी, पावडर. सगळं बरोबर! मग डाळीत काळं होतं कुठे?

दादाच्या वाढदिवसाला ठकू घरी आली. छोटीचा वाढदिवस चार दिवसांवर आला होता. वहिनीचा केक टेबलावर होता आणि मी धुऊन ताटांच्या मागे उपडा पडलो होतो. ठकूने पिशवीतून एक डबा काढला आणि आपला केक त्या केकशेजारी ठेवला. दादाने त्यात सुरी घातली. सुरी अडकली.

"दार अडवायला बरा आहे," दादा म्हणाला.

"अगदी तू सांगितलंस तसाच केलाय, वहिनी," ठकू हातातला चहाचा मोठा मग उंचावून म्हणाली. "असे दोन कप मैदा, बोट फिरवून. तीनच अंडी. मग माझाच का बसतो?"

"ओव्हन जास्त तापत असेल तुमचा."

"नाचता येईना अंगण वाकडं, असंच ना?"

"मी असं कुठे म्हटलं, ठकूताई?"

"म्हणू नकोस. मला कळतं. आईने मला कधी ओट्यापाशी उभं केलं नाही. तिने सगळं तुला दिलं. तिचं स्वयंपाकघर दिलं, हातची चव दिली. एवढा एक केक मी मागितला माझ्या मुलीसाठी, तर त्यातही तुला काहीतरी झाकून ठेवावंसं वाटलं?"

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. "आईंची शपथ, मी काहीही झाकलेलं नाही," ती म्हणाली. पण ठकूने पिशवी उचलली आणि चहा अर्धा टाकून निघून गेली. दादा तिच्या मागे जिन्यापर्यंत गेला आणि एकटाच परत आला. वहिनी टेबलापाशी बसून रडली. मला तिचं वाईट वाटलं, पण खरं सांगू? मी तेव्हाही मनात म्हणत होतो, खाई त्याला खवखवे.

थोड्या वेळाने ती भांडी घासायला उठली. ठकूचा मग तिने हातात घेतला, विसळला आणि माझ्याशेजारी ठेवला. मग ती थांबली. मगाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मला नळाखाली धरून तोंडापर्यंत भरलं आणि ते पाणी मगात ओतलं. तो जेमतेम अर्धा भरला. पुन्हा मला भरून ओतलं, तेव्हा कुठे तो काठाशी आला.

"अगंबाई!" वहिनी म्हणाली आणि मटकन स्टुलावर बसली. "मैदा दुप्पट, साखर दुप्पट, आणि अंडी तीनच! पावडर एकच चमचा! फुगणार कशाने?"

तिने लगेच फोन लावला. ठकूने उचलला नाही. तिने पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशीही लावला. ठकूने उचललाच नाही.

मग जे झालं त्याने माझं धाबं दणाणलं. वहिनीने मला पाण्याने भरलं, ते पाणी एका स्टीलच्या ग्लासात ओतलं, आणि पाणी जिथवर आलं तिथे नेलपॉलिशने लाल खूण केली. वारस नेमला, मित्रांनो, माझ्या डोळ्यांदेखत! नंतर तिने मला कोरडं पुसलं, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलं, खोक्यात घातलं आणि दादाला म्हणाली, "हे घेऊन जा." संपलं. इतकी वर्षं बोट फिरवून घेतलं आणि शेवट हा! त्यात न्यायला कोण, तर माझा कान तोडणारा. दादाच्या पिशवीत प्रत्येक हिसक्याला मी तयारीत होतो, आता टाकतो की मग टाकतो.

त्याने टाकलं नाही. एका दाराची घंटा वाजली आणि ठकूचा आवाज आला. "वहिनीने पाठवलं असेल तर घेऊन जा परत."

"ठकू, उघडून तर बघ. ती म्हणाली, फक्त याने मोजायचं, तुमच्या मगाने नाही. मला बाकी काही कळत नाही."

खोकं उघडलं. टॉवेल सुटला. ठकूने मला वर काढलं आणि तिचा अंगठा त्या वाकड्या निळ्या रेघेवर थांबला.

"हा अजून आहे?" ती अगदी हळू म्हणाली. "आई तर म्हणाली होती, टाकला."

"मैद्याच्या डब्यात असायचा. आई याच्यानेच मोजायची. आता ही मोजते."

ठकू खाली फरशीवरच बसली. तुटलेल्या कानाच्या खुंटाशी जुना मैदा चिकटून घट्ट झाला होता, तो तिने नखाने खरवडून पाहिला. "म्हणजे माझ्या प्रत्येक वाढदिवसाला हाच होता," ती म्हणाली आणि रडू लागली. "दादा, याचा कान मी तोडला होता रे. धपाटा तुला बसला."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे? मग बोलला का नाहीस?"

"तू आधीच एवढी रडत होतीस. म्हटलं, एका धपाट्याने काय होतंय."

मित्रांनो, मी अवाक झालो. इतकी वर्षं ज्याला पाहून अंग चोरलं, तो हा! आणि जिला बिचारी बिचारी म्हणत होतो, ती ही!

ठकूने त्याच दिवशी माझ्याने मोजून केक केला. ओव्हनच्या काचेला नाक लावून छोटी बसली होती. केक फुगला. असा फुगला की वरून जरा भेगाळला, आईचा भेगाळायचा तसाच. छोटीने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "आजीचाच आहे!" हात मैद्याचे तसेच ठेवून ठकूने फोन लावला.

"वहिनी."

"फुगला का?" तिकडून पहिला प्रश्न तोच आला.

"फुगला. वहिनी, मी तुला नको ते बोलले गं."

"जाऊ द्या हो. छोटी काय म्हणाली?"

ठकूने सांगितलं. मग एकदम तिच्या काहीतरी ध्यानात आलं आणि तिने माझ्याकडे पाहिलं. "पण मग तू आता कशाने मोजतेस?"

"ग्लासावर खूण केली होती नेलपॉलिशची. पहिल्याच घासणीत निघून गेली. आता आपलं अंदाजपंचे. दुपारी बिस्किटं केली ती बसली सगळी. असू दे, छोटीचा वाढदिवस आधी."

त्या ग्लासाची मला वाटलेली भीती आठवून मी टॉवेलमध्ये तोंड लपवणार होतो, पण टॉवेल लांब होता. ठकूने ओढणीने डोळे पुसले. "वाढदिवस झाला की मी कप घेऊन येते," ती म्हणाली. "आणि वहिनी, मला एकदा तुझ्या ओट्यापाशी उभी कर ना. आईने नाही केलं. तू कर."

तिकडून वहिनी म्हणाली, "या. एप्रन आईंचाच आहे, तो घाला."

तर मित्रांनो, असा मी. हल्ली कधी या घरच्या मैद्यात असतो, कधी त्या घरच्या. मोडकंतोडकं म्हणून काही टाकायला निघालात तर एवढं करा, घरात ते कशासाठी वापरतात हे आधी विचारा. आणि कुणाचा केक बसला, तर तिच्या मनात शिरण्याआधी तिचा कप बघा. हे मी सांगतोय, ज्याने जन्मभर संशयच घेतला. वहिनीवर घेतला, दादावर घेतला, आणि दोघांच्याही बाबतीत तोंडावर आपटलो.

ओव्हनवर मात्र माझी नजर अजून आहे. आणि तुम्ही, हो तुम्हीच, मघापासून मला हळूहळू ओट्याच्या कडेला सरकवताय. मागे घ्या मला. मला एकही कान उरलेला नाही.