मोरीच्या अल्याड-पल्याड

मी एक जुना पिंजरा आहे. मित्रांनो, लगेच पोपट आठवू नका. मी मासे धरायचा पिंजरा आहे. अंग तारेच्या जाळीचे आणि दोन्ही टोकांना नरसाळ्यासारखी तोंडे. मासा आत सहज शिरतो, पण बाहेरची वाट त्याला काही केल्या सापडत नाही. एका जाळीवाल्याने दुकानाच्या पायरीवर बसून मला आणि माझ्या जुळ्या भावाला वळले. "दोन-दोन तोंडं आहेत, हे काही गप्प बसायचे नाहीत," असे तो हसत म्हणाला होता. तर आज मी बोलणार आहे, आणि गोड बोलेन अशी आशा धरू नका.

आम्हा दोघांना एका संशोधक बाईंनी नेले. समुद्राला लागून एक खाजण होते, म्हणजे भरतीचे खारे पाणी चढते-उतरते अशी गवताळ दलदल. कधीकाळी त्याच्या मधोमध रस्ता बांधला गेला आणि रस्त्याखाली एक मोरी ठेवली. मोरी कसली, मांजर अडकेल एवढी सिमेंटची नळी! रस्त्याच्या अल्याड समुद्र मोकळा येत-जात होता. पल्याड त्याची नुसती पिचकारी पोहोचत होती. दोन्हीकडे कोणते मासे राहतात, हे बाईंना पाहायचे होते. एक पिंजरा अल्याड, एक पल्याड, आणि पुढच्या खेपेला अदलाबदल. आमच्यात कुणाचा लाड नव्हता.

अल्याडची पाळी आली की मला बरे वाटे. थंड, खारट, वाहते पाणी. बोय माशाची बोटभर पिल्ले येत, कोळंबी येई, डोळे वटारलेला निवटा येई, एखादा खेकडा उगाच माझी तार चिमटून जाई. फार गर्दी नसे, पण प्रत्येक जण वेगळा असे.

पल्याडची पाळी आली की मात्र शिसारी येई. कोमट, तेलकट पाणी. त्यावर हिरवी साय. तळाला काळा चिखल, हात लावला की नासक्या अंड्यांचा वास. शेवाळाचे बुळबुळीत लोळ माझ्या तोंडात शिरत आणि जाळीला लाळेसारखे लोंबत. आणि आत गप्पी मासे, गप्पी आणि पुन्हा गप्पीच! एकमेकांच्या अंगावर वळवळणारे, इतके की माझे पोट फुगे.

अशातच रस्ता नव्याने बांधायचा ठरला. मोरी रुंद करायची की पुन्हा तसलीच नळी टाकायची, हे रस्तेखात्याचे साहेब ठरवणार होते, आणि ते साहेब म्हणजे बाईंचे सख्खे थोरले भाऊ. नळीच राहिली तर पल्याडचे खाजण कायमचे कुजणार होते. म्हणून बाईंनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतले.

दादासाहेब बूट सांभाळत आले. त्या दिवशी मी पल्याड होतो; अल्याडचा माझा जुळा बाईंनी आधीच वर काढून ठेवला होता. त्यांनी मला वर ओढले आणि त्यांचे डोळे चमकले.

"अगं, हा तर गच्च भरलाय! आणि बाहेरच्यात बघ, चार टाळकी. म्हणजे आतच मासे जास्त. मग मोरी रुंद कशाला करायची?"

त्यांनी खिशातून फोन काढून माझा फोटो घेतला. "उद्याच्या बैठकीत हाच दाखवतो."

मित्रांनो, एवढ्या वर्षांत माझे पहिले कौतुक झाले, पहिला फोटो निघाला, आणि तो कशासाठी? खोटी साक्ष द्यायला! मला माझीच किळस आली.

बाईंनी वाद घातला नाही. आम्हा दोघांना दोन पांढऱ्या टबांत रिकामे केले. "दादा, आता बघ. डोकी नको मोजू, प्रकार मोज."

दादासाहेब वाकले, वास आला तसा रुमाल नाकाला लावला. "यातले सगळे एकसारखेच दिसतायत."

"गप्पी आहेत. घाणीतसुद्धा तग धरतात. बाकीचे सगळे मेले किंवा गेले. अख्ख्या खाजणाचं डबकं झालंय, म्हणून हे एका जागी गोळा झालेत. एका खोलीत माणसं कोंबलेली दिसली म्हणून घर नांदतंय म्हणशील का?"

"पण पावसाचं पाणी नीट जातं गं मोरीतून. आमचा हिशेब चोख आहे."

बाई कपाळाला हात लावून हसल्या. चिखल कपाळभर झाला. "दादा, ही काय घरातली मोरी आहे? त्या मोरीतून पाणी फक्त जातं. हिच्यातून समुद्र आत यायला हवा!"

दादासाहेबांनी वाकून नळीत डोकावले. "येणारं पाणी आम्ही हिशेबात धरलंच नव्हतं," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी माझा फोटो पुसून टाकला आणि दोन्ही टबांचा एकत्र फोटो काढला.

काम सुरू झाले आणि आम्हाला शेडमध्ये सिमेंटच्या गोण्यांखाली टाकले. कुणी धुतलेसुद्धा नाही. वाळलेले शेवाळ अंगावर खपलीसारखे कडक झाले, गंजाने माझी कड खाल्ली. मित्रांनो, वापरलेली वस्तू निदान धुऊन ठेवावी, एवढेही मोठ्या माणसांना कळू नये? आणि पाण्याची वाट बांधाल तेव्हा ते जाणार कुठे, एवढेच विचारू नका, येणार कुठून तेही विचारा.

शेवटी रुंद मोरी झाली. कितीतरी भरत्या आत येऊन गेल्या आणि मग बाईंनी मला घासूनपुसून पल्याड सोडले. या वेळी दादासाहेब न बोलावता आले होते, अनवाणी. त्यांनी मला वर काढले, तेव्हा मी इतका हलका होतो की मलाच लाज वाटली. ते माझ्या जाळीला डोळा लावून उभे राहिले.

"तीनच आहेत गं," ते म्हणाले. बाईंचा चेहरा उतरला. आणि मग ते चिखलात उभ्या उभ्या लहान मुलासारखे ओरडले, "पण तिन्ही वेगळे!"