बाजेएवढा आंध्र

उकंडाजीसारखा हट्टी माणूस पैनगंगेच्या दोन्ही काठांवर धुंडूनही सापडला नसता. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या गावच्या शिवेत बापानं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही जुनी रीत. त्याच्या लेकीच्या, भागीरथाच्या लग्नाला कैक वर्षं झाली, मूल काही होईना. उकंडाजी तिच्या अंगणात यायचा, तिनं पुढं केलेला तांब्या नाकारायचा आणि तहानलेलाच नाल्यापलीकडच्या आपल्या गावी परतायचा. शेजारणी एकमेकींकडं बघत. भागीरथाचा जीव तिळतिळ तुटायचा. बापाला मात्र आपलाच अभिमान!

छप्पन साली राज्यं नव्यानं आखली. भागीरथाचं गाव यवतमाळ जिल्ह्यातच राहून मुंबई राज्यात गेलं, उकंडाजीचं आंध्रात. मधला नाला हीच सरहद्द. पण नाल्यानं कधीकाळी वाट बदललेली, आणि मोजणीवाल्यांनी दगड रोवले जुन्या वाटेवर. झालं! भागीरथाच्या अंगणात बाजेएवढी जमीन उकंडाजीच्या गावची निघाली. सरहद्दीचा इतका आखूड तुकडा मोजणीच्या साहेबानंही जन्मात पाहिला नव्हता.

"बाप्पा बाप्पा! हे तं माह्या गावचं शिवार!" उकंडाजीनं तिथंच बाज टाकून बैठक मारली. "वाढ पोरी! आता कोनाच्या बापाचं भेव हाय?"

गाव गोळा झालं. पाय बाजेबाहेर लोंबले तर रीत मोडते का, यावर दोघं हमरीतुमरीवर आले. उकंडाजीनं पाय वर घेतले.

भागीरथा आली ती रिकाम्या हातानं. तिनं बापाला उठवलं आणि स्वतःच बाजेवर बसली.

"काहून वं?"

"हे तुमचं गाव, म्हंजे माहं माहेर. माहेरी आलेल्या लेकीनं रांधावं काय? चूल पेटली हाय. जा, वरन करा."

लोक खो खो हसले. कायदा उकंडाजीचा स्वतःचाच. तो धोतर खोचून घरात शिरला. चूल लेकीच्याच शिवेत; तिथं शिजवायला रीतीची ना नव्हती, खायला होती. धुरानं डोळे चोळत त्यानं डाळ घोटली, फोडणी दिली.

बाहेरून हाक आली, "बाबा, मीठ बरोबर हाय नं?"

त्यानं पळीतलं वरण तळहातावर घेऊन चाटलं. "जरासं कमी..."

आणि जीभ चावली. दारात भागीरथा उभी होती. ती हसत नव्हती.

"बाबा, तुमी पानी नाई पेत, तवा मले वांझ म्हनाची कोनाले गरजच पडत नाई. तुमीच सांगून जाता."

उकंडाजीला भडभडून आलं. आपल्या लेकीला आपणच इतकी वर्षं जाळलं! पळी खाली ठेवून तो अंगणात आला, बाजेपासून चांगला लांब उभा राहिला.

"तांब्या दे वं माय," तो म्हणाला, "अन् इथंच दे. साऱ्यायले दिसू दे."