उशीआडचा पाहुणा

मित्रांनो, माझ्या पोटात सावरीचा कापूस आहे आणि डोक्यातही तोच. मालनआजीने मला कणकवलीला शिवलं, जुन्या लुगड्याचा अभ्रा घातला आणि सून जान्हवीबरोबर कांदिवलीला धाडलं. जान्हवीच्या मांडीवर मी आणि माझ्यावर तान्ही दिशा, असं तिचं दूध पिणं झालं. तेव्हा माझं कोण कौतुक! पुढे सोफ्यावर फोमच्या चौकोनी उशा आल्या आणि मी माळ्यावर गेले.

मला पुन्हा खाली आणलं ते जान्हवीच्या काळजीने. बाई शिकलेली, पण जात्याच धास्तावलेली. टीव्हीवर काही भलतंसलतं दिसेल असं वाटलं की ती मला दिशाच्या डोळ्यांपुढे धरायची. फोमची उशी चालत नसे. तिच्या कडेने दिसतं म्हणे.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या वाचनालयातल्या सुलक्षणाबाईंनी दहा वर्षांच्या दिशाला एक काम दिलं. शंभर वर्षांपूर्वीची एक विज्ञान कादंबरी वाचायची, तिच्यावरचे दोन सिनेमे बघायचे आणि पुस्तकाच्या जवळ जाणारा कोणता, ते रविवारी सगळ्यांपुढे सांगायचं. चंद्रावर एकटाच राहणारा दिव्याचा राखणदार आणि त्याच्या दारावर रोज पडणारी थाप, अशी ती गोष्ट.

जान्हवीने दोन्ही सिनेमे आधी स्वतः पाहिले. म्हणजे मला तोंडावर धरून, एका डोळ्याने. कागदावर टिपून ठेवलं: 'जुना, मिनिट ४१, पाहुणा. नवा, मिनिट २९, दात.' मग दिशा बघायला बसली, की बरोबर त्या मिनिटाला मी तिच्यापुढे हजर. दिशाचे बाबा, सुबोध, एवढंच म्हणाले, "अगं, पोरीला श्वास तरी घेऊ दे."

माझी एक बाजू दिशाकडे आणि दुसरी टीव्हीकडे. त्यामुळे थाप मारणारा तो पाहुणा घरात नीट पाहिला तो फक्त मी. जुन्या सिनेमात रबरी रेनकोट घातलेला माणूस होता, पाठीवरची चेनसुद्धा दिसत होती. नव्यात नुसते दात, तीन ओळी. पण मला कोण विचारतंय?

रविवारी जान्हवीने मला पिशवीत घालून सोसायटीच्या हॉलवर नेलं. न जाणो, तिथे सिनेमाचे तुकडे दाखवले तर! दिशा उभी राहिली. थाप, दिवा, राखणदाराचा एकटेपणा, सगळं छान सांगितलं. तेवढ्यात तिच्याच वर्गातल्या नितेशने विचारलं, "नव्यातल्या दातांच्या ओळी किती होत्या, सांग ना?"

दिशाने आईकडे पाहिलं. जान्हवीने पिशवी अशी आवळली की माझाच जीव गुदमरला. पोरीचं हसं होणार आणि तेही आपल्यामुळे, हे तिला कळून चुकलं होतं.

"मी पाहुणा पाहिलाच नाही," दिशा म्हणाली. "आईने उशी धरली होती."

सगळा हॉल हसला. दिशाने हसणं ओसरू दिलं.

"पण पुस्तकात तरी कुठे दिसतो तो? राखणदार दार उघडतो आणि पुस्तक संपतं. मला उशीआडून नुसती थाप ऐकू आली. वाचताना वाटली होती, अगदी तश्शीच भीती वाटली. म्हणून पुस्तकाच्या जवळचा तिसराच. उशीआडचा."

सुलक्षणाबाईंनी चष्मा काढून पुसला. हे आपल्यालाही सुचलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. नितेश तर जान्हवीपाशी येऊन मलाच मागू लागला. यार, त्यालाही सिनेमा उशीआडून बघायचा होता.

घरी आल्यावर जान्हवीने तो मिनिटांचा कागद दिशाच्या हातात दिला आणि मला तिच्या मांडीवर ठेवलं. "बघ आता, तुझ्या डोळ्यांनी." नवा सिनेमा सुरू झाला. अठ्ठाविसाव्या मिनिटाला दिशाने आईकडे पाहिलं, म्हणाली, "आई, दात येतायत," आणि मला अलगद आईच्या डोळ्यांपुढे धरलं. स्वतः मात्र दात बघून खुदकन हसली. एवढ्या दातांना ब्रश कोण करून देतं, हा तिचा प्रश्न.

मित्रांनो, जुन्या उशीला महिन्यातून एकदा ऊन दाखवा, अभ्रा धुवा. मुलांना ती मांडीवर द्या. डोळ्यांपर्यंत न्यायची की नाही, ते त्यांचं ती बघतील.

पडद्यावरचे दात जाऊन आता बराच वेळ झाला. जान्हवी मला अजून सोडत नाहीये, आणि दिशा तिला सांगत नाहीये.