मागून येणारं पाणी

मालविका लिमये सांगलीच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवायची. काशीच्या विद्यापीठात एका मुलीची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा घ्यायला तिला बोलावलं होतं. परीक्षा शुक्रवारी दुपारीच आटोपली. विमान रविवारचं होतं. मधला शनिवार तिने विश्वनाथाचं दर्शन आणि सारनाथ यांसाठी राखून ठेवला होता.

ती उतरली होती दुर्गाघाटाजवळच्या गल्लीत, शरदिनीकाकूंकडे. काकूंचं घराणं सहा पिढ्या काशीत. मुलगा यज्ञेश जवळच्याच पाठशाळेत वेद शिकवायचा. ओळखीतल्या कुणीतरी पत्ता दिला होता आणि काकूंनी फोनवर "हॉटेल कशाला, घर आहे ना" म्हणत विषयच मिटवला होता. घराच्या खालच्या खोलीत त्यांचं मसाल्याचं काम चाले. गौरी-गणपतीच्या आधी आसपासची मराठी घरं गोडा मसाला आणि मेतकूट त्यांच्याकडूनच नेत.

ऑगस्ट संपत आला होता आणि गंगा चढत होती. शुक्रवारी संध्याकाळी मालविका परतली, तेव्हा समोरच्या खिडकीतून ढुंढिराज नावाचे म्हातारे शेजारी यज्ञेशला विचारत होते, "कितीवर गेलं रे?"

"सत्तर मीटर पार. घंट्याला दोन सेंटीमीटर वाढतंय."

"बरं, बरं," म्हणून त्यांनी खिडकी लोटून घेतली.

मालविका उंबऱ्यातच थांबली. ऑगस्टात सांगलीत कुणी कुणाला 'कसे आहात' म्हणून विचारत नाही, 'आयर्विन पुलाला किती फूट' म्हणून विचारतात. आणि अगदी याच सुरात, भाजीचा भाव विचारल्यासारखं. दोन दिवस ती घाट, देवळं, गल्ल्या पाहत होती. सगळं सुंदर होतं, पण परकं होतं. या एका प्रश्नाने तिला एकदम कृष्णेकाठी नेऊन उभं केलं.

शनिवारी सकाळी दर्शनाला निघायचं म्हणून ती आवरून खाली आली. काकू चहा ओतत होत्या. मसाल्याच्या खोलीतल्या मोरीतून गुडगुड आवाज येत होता. मालविकाने वाकून पाहिलं. जाळीच्या भोकांतून बुडबुडे फुटत होते आणि भोवती गढूळ पाण्याचं कडं धरलं होतं.

"काकू, हे पाणी आत येतंय."

यज्ञेश हसला. "मॅडम, नदी अजून बारा सीढ्या खाली आहे. या घराने कधी पूर पाहिला नाही."

"समोरून नाही येणार. मागून येईल, गटारातून. त्याचं तोंड नदीत बुडालं की वरच्या वस्तीचं पाणी उलटं फिरतं. आमच्याकडे तसंच येतं. लोक नदीकडे बघत बसतात आणि पाणी न्हाणीघरातून वर येतं. ही नाली नवी आहे का?"

यज्ञेशचं हसू मावळलं. "दोन साल झाले. खोल केली होती."

"मग तासाभराचा वेळ आहे आपल्याला. रिकामी पोती द्या."

गल्लीच्या तोंडाशी कुणाच्या तरी बांधकामाची वाळू पडली होती. यज्ञेशने दोन पोती भरून आणली. मालविकाने साडी खोचली, मोरीवर जाड प्लास्टिक अंथरलं आणि पोती त्यावर दाबून बसवली. "हे थांबवणार नाही, फक्त उशीर करील," ती म्हणाली. "आता डबे वर."

जिना अरुंद, एका वेळी एकच माणूस चढेल एवढा. ढुंढिराजकाकांनी खिडकीतून पाहिलं आणि न बोलावता आपल्या दोन्ही सुनांना घेऊन आले. पाच-सहा जण पायरी-पायरीवर उभे राहिले आणि डबे हातोहात वर जाऊ लागले. धने, तीळ, खोबरं, दगडफूल, तयार मसाल्याचे मोठे डबे. दळायची चक्की जिन्यात मावेना, तेव्हा तिच्याखाली विटा रचून ती कमरेएवढी उंच केली. अकराच्या सुमाराला पोती हलली आणि पाणी खोलीभर पसरलं. दुपारी ते गुडघ्याला लागलं. तोवर खाली चक्कीखेरीज एक झाडूसुद्धा उरला नव्हता.

वरच्या मजल्यावर ढुंढिराजकाकांच्या घरून पुऱ्या आणि बटाट्याची भाजी आली. काकूंनी मालविकाच्या पानात आधी वाढलं.

"तुमचं दर्शन राहिलं आमच्यापायी," त्या म्हणाल्या.

मालविकाने हातातला घास पानात ठेवला. मग तिने सांगितलं. दोन हजार एकोणीसच्या पुरात तिचे वडील दुसऱ्या मजल्यावर अडकले होते, त्यांना चालता येत नव्हतं. चार मुलं होडी घेऊन आली, खुर्चीसकट त्यांना उचलून खाली नेलं आणि कोरड्या जागी सोडून पुढच्या घराकडे गेली. ना नाव कळलं, ना गाव.

"मी नंतर खूप शोधलं, काकू. एक साधं आभार मानायचं होतं. आज डबे वर जाताना पहिल्यांदा वाटलं, की थोडं तरी कुणापर्यंत पोचलं."

काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "पोचलं ग," त्या म्हणाल्या. ती आल्यापासूनचं 'तुम्ही' गेलं होतं, ते त्यांच्याही लक्षात आलं नाही.

रविवारी पाणी उतरू लागलं. यज्ञेश विमानतळासाठी गाडी सांगायला निघाला, तर मालविका म्हणाली, "तिकीट मी मंगळवारचं करून घेतलंय. पाणी उतरतं ना, त्याच्याबरोबरच गाळ लोटायचा. एकदा वाळला की फावडं चालत नाही."

"ताई, तुम्ही पाहुण्या आहात," यज्ञेश म्हणाला. मग स्वतःच दोन खराटे घेऊन आला.

दिवसभर ती दोघं आणि काकू गाळ लोटत राहिली. भिंतीवर गुडघाभर उंचीवर काळपट रेघ उमटली होती. खाली उतरून ढुंढिराजकाकांनी ती निरखून पाहिली आणि कोळशाने तिच्याशेजारी तारीख घातली. सांगलीच्या घरातही अशाच तारखा होत्या, वडिलांच्या हातच्या.

संध्याकाळी तिने वडिलांना फोन लावला. काशी कशी आहे, असं त्यांनी विचारलं.

"आपल्यासारखी आहे, अप्पा," ती म्हणाली. "पुढच्या हिवाळ्यात तुम्हाला घेऊन येते. इथे एक घर आहे आपलं."

स्वयंपाकघरातून काकूंनी ते ऐकलं आणि तिच्या चहात दूध जरा जास्तच घातलं.